बंद पियानोचा परिग्रह



माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पहिल्या ओळीपासूनच माझ्याशी भांडता येईल. घरात पियानो असेल तर तो वाजता हवा, सुरात हवा आणि आतून स्वच्छ हवा. हे जमत नसेल तर ज्याच्याकडे जमेल त्याला तो देऊन टाकावा. वर क्रोशाचा रुमाल घालून, फोटोफ्रेमा मांडून वर्षानुवर्षे बंद ठेवलेला पियानो ही घराची शोभा नाही. तो नुसता परिग्रह आहे. आणि त्याच्या पोटात जीवजंतूंची पैदास होऊन पुढे त्यांच्यावर औषध फवारायची वेळ येते, म्हणून तो अनर्थदंडही आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्या लोकांत पियानो असतात कितीशा घरी? पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न बरोबर होता. आता आमच्या पुण्यात बिबवेवाडी, गुलटेकडी, सॅलिसबरी पार्क, कोंढवा, कुठल्याही सोसायटीत जा, दोन-तीन घरांतून तरी ट्रिनिटीच्या किंवा असोसिएटेड बोर्डाच्या ग्रेडची तयारी ऐकू येते. आधी कीबोर्ड येतो. मग शिक्षक सांगतात की वरच्या ग्रेडला खरा पियानो लागेल. मग आजी-आजोबा मुलीच्या वाढदिवसाला पियानो घेतात. आणि मग दहावी येते, क्लास बंद होतो, झाकण लागते ते लागतेच. पियानो मात्र तिथेच उभा राहतो, कारण त्याचे वजन दोनशे-अडीचशे किलो असते आणि तो हलवायचा कोणी, हा प्रश्न कोणालाच काढायचा नसतो.

आमच्याकडे उभा पियानो आहे. १९९६ साली कॅम्पातल्या एका कुटुंबाकडून घेतला, ते परदेशी निघाले होते. आधी मुलगी शिकली, आता नात शिकते. मी स्वतः वादक नाही. उजव्या हाताने दोन-तीन स्तवने वाजवते, तेवढेच. पण गेली जवळजवळ तीस वर्षे त्याची निगा माझ्याकडे आहे. वाजवणारे बदलले, ट्यूनरही तीन झाले, वही तीच आहे. बी. कॉम. झालेल्या बाईला वही ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

आत काय असते ते आधी समजून घ्या

आपल्यातल्या बऱ्याच जणी पियानोला फर्निचर समजतात, कारण दिसतो तसाच. पण त्याच्या आत सुमारे २३० पोलादी तारा ताणलेल्या असतात. पट्ट्या ८८ असल्या तरी तारा जास्त, कारण वरच्या सुरांना प्रत्येकी तीन, त्याखालच्यांना दोन आणि अगदी खर्जाला एक जाड तार असते. या सगळ्या तारांचा मिळून ताण १५ ते २० टन होतो. हा ताण लाकडाला पेलवत नाही, म्हणून आत बिडाची मोठी चौकट असते. अशा एकसंध चौकटीचे पेटंट १८२५ साली बोस्टनमधल्या अल्फिअस बॅबकॉकने घेतले होते. पियानो एवढा जड का, याचे उत्तर ती चौकट.

तारांच्या मागे स्प्रूस लाकडाची पातळ फळी असते, तिला साउंडबोर्ड म्हणतात. आवाज घुमतो तो तिच्यामुळे. आता लाकूड म्हटले की ते हवेतला ओलावा पिणार. पावसाळ्यात ही फळी फुगते, तारांना पुढे रेटते, ताण वाढतो आणि सूर चढतो. उन्हाळ्यात ती सुकते, आक्रसते आणि सूर उतरतो. म्हणजे कोणी हात लावला नाही तरी पियानो बेसूर होतोच. "आमचा तर कोणी वाजवतच नाही, मग ट्यूनिंग कशाला?" असे विचारणाऱ्यांना माझे हे उत्तर. लोणच्याची बरणी कोणी उघडली नाही तरी ती दमट कोपऱ्यात ठेवायची नसते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

ट्यूनर आल्यावर करतो काय

ट्यूनर समोरची फळी काढतो. तीन तारांच्या सुरात दोन तारांना फेल्टची पट्टी लावून गप्प करतो आणि एकच तार आधी लावतो. सुरुवात बहुधा मधल्या 'ए' या सुरापासून. त्याची कंपने सेकंदाला ४४० हवीत, असे १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले. मग शेजारची तार त्या तारेशी मिळवतो. एक तार ४४० आणि शेजारची ४४२ असेल, तर सूर सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. वाँव-वाँव असे ऐकू येते. ते थांबेपर्यंत खुंटी केसभर फिरवायची, हे त्याचे काम. अशा २३० खुंट्या. दीड-दोन तास सहज जातात.

यात एक गंमत आहे, ती मला फार आवडते. सा-पासून शुद्ध पंचम लावत लावत बारा पायऱ्या गेलो, तर शेवटचा सूर पहिल्याशी जुळायला हवा. पण तो जरासा वर जातो. हिशेबात तूट निघावी तसे. मग ट्यूनर काय करतो, ती तूट एकाच पंचमाच्या डोक्यावर टाकत नाही. बाराही पंचमांत सारखी वाटून देतो. प्रत्येक पंचम इतका किंचित कमी होतो की कानाला सलत नाही, आणि सगळ्या पट्ट्यांतून वाजवता येते. भागीदारीच्या धंद्यात तोटा वाटून घेतात, तोच नियम.

हे काम कानाचे आहे, म्हणून त्या दिवशी घरात शांतता हवी. मी त्याला सकाळी दहाला बोलावते आणि त्याआधी स्वयंपाक आटपून घेते. कुकरची शिट्टी नाही, मिक्सर नाही, टीव्ही नाही, पंखाही बंद. कामवाल्या बाईंना भांडी नंतर घासायला सांगते. ट्यूनरला चहा-पाणी जरूर द्यावे, पण वेगळ्या स्टुलावर. पियानोवर पेला ठेवू नये. त्यानेही नाही आणि आपणही नाही.

एक लक्षात ठेवा. ट्यूनिंग म्हणजे फक्त तारांचा ताण. पट्टी अडकणे, उशिरा उठणे, हातोडीचा आवाज कर्कश होणे, ही वेगळी कामे आहेत. पट्टीपासून हातोडीपर्यंतच्या यंत्रणेला अ‍ॅक्शन म्हणतात. तिची जुळणी वेगळी आणि हातोडीचे फेल्ट मऊ करणे आणखी वेगळे. ट्यूनरला आल्या आल्या विचारावे, आज काय करणार आणि काय राहणार. वहीत तसेच लिहावे.

कधी, किती वेळा

नव्या पियानोच्या तारा ताणल्या जात असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी तीन-चार वेळा ट्यूनिंग लागते. नंतर वर्षातून दोनदा. पुण्याच्या हवेत माझा अनुभव असा की, ऋतू बदलल्यावर लगेच बोलावू नये, हवा स्थिर होऊ द्यावी. ज्यांना एकदाच जमेल त्यांनी चातुर्मास संपल्यावर, नोव्हेंबरअखेर करावे. दोनदा जमेल त्यांनी दुसरे जुलैअखेर. पियानो जागचा हलवला असेल, तर दोन-तीन आठवडे त्याला नव्या जागेची सवय होऊ द्यावी, मगच ट्यूनर.

पाच-सात वर्षे राहिले असेल तर एका बैठकीत सूर लागत नाही. आधी सगळा ताण ढोबळमानाने वर आणावा लागतो, काही दिवसांनी पुन्हा बारकाईने लावावा लागतो. त्यात जुनी तार तुटूही शकते. दर वर्षीचा खर्च वाचवला असे ज्यांना वाटते, त्यांचे ते वाचवलेले पैसे असे एकदम जातात.

जागा आणि हवा

पियानोला ओलावा ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान मानवतो. आपल्याकडे पावसाळ्यात तो ८०च्या वर जातो आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी पार खाली येतो. हायग्रोमीटर नावाचे छोटे यंत्र मिळते, घड्याळाएवढे. ते पियानोजवळ ठेवा म्हणजे अंदाजाने बोलायला नको.

पियानो बाहेरच्या भिंतीला, खिडकीखाली, एसीच्या झोताखाली ठेवू नये. स्वयंपाकघराच्या दाराशी नको, वाफ आणि फोडणीचा तेलकटपणा तारांवर बसतो. देव्हाऱ्याशेजारीही नको. दिव्याची काजळी आणि धुपाचा धूर फेल्टमध्ये शिरतो. एसी दिवसात एक तास लावून बंद करण्यापेक्षा न लावलेला बरा; पियानोला थंडी-ऊन सोसते, पण सारखा चढउतार सोसत नाही. वर फुलदाणी नको. फोटोफ्रेमही नको, ठरावीक सूर वाजला की तिची काच झणझणते आणि आपण ट्यूनरला दोष देतो.

पट्ट्या पुसायला मऊ सुती फडके, अगदी नावाला ओलसर, आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने. मागोमाग कोरडे फडके. फवाऱ्याचे पॉलिश, खोबरेल, शिलाई मशीनचे तेल, यातले काही आत जाऊ देऊ नये. पेडल कुरकुरते म्हणून तेल सोडणाऱ्या उत्साही माणसांपासून पियानो वाचवावा लागतो. माझ्याकडे चुलीसाठी असते तशी एक वेगळी पुंजणी पियानोसाठी आहे. झाकण उघडले की आधी पट्ट्यांवरून ती अलगद फिरवायची, मग बोट ठेवायचे. नातीला हे सूर शिकण्याआधी शिकवले. धूळही निघते आणि एखादा बारीक जीव बसला असेल तर तोही सुखरूप बाजूला होतो.

आता मुख्य मुद्दा, जीवजंतूंचा

पियानोच्या आत लोकरीचे फेल्ट भरपूर असते. हातोड्यांवर, पट्ट्यांखाली, तारांना गप्प करणाऱ्या डॅम्परवर. लोकर म्हणजे कसरीचे अन्न. बारीक पाकोळी अंधारात, जिथे कोणी हलवत नाही अशा जागी अंडी घालते आणि अळ्या फेल्ट खातात. खालून उंदीर शिरतो, फेल्ट कुरतडून त्याचेच घरटे करतो. लाकडाला वाळवी असते ती वेगळीच.

एकदा हे झाले की आपल्यासमोर दोनच वाटा राहतात आणि दोन्ही वाईट. औषध मारायचे, म्हणजे जाणूनबुजून हिंसा. न मारायचे, म्हणजे वस्तू गेली आणि तिथून कपाटातल्या लोकरी कपड्यांत पसरले. आमच्या सोसायटीत पेस्ट कंट्रोल करायला आलेला माणूस मला म्हणाला, "काकू, पियानोच्या आतही फवारून देतो, वेगळे पैसे नको." मी नको म्हटले. त्याला वाटले असेल म्हातारी अंधश्रद्धाळू आहे. पण ट्यूनरचेही तेच म्हणणे, फवाऱ्याचे पाणी तारांना गंज आणते आणि फेल्ट कडक करते. म्हणजे जी गोष्ट धर्माने नको, ती यंत्रानेही नकोच.

म्हणून जयणा हवी ती आधी. कसर तिथेच येते जिथे अंधार आहे आणि हालचाल नाही. जो पियानो रोज वाजतो त्याच्या हातोड्या हलतात, पट्ट्यांखालची हवा हलते, झाकण उघडून उजेड जातो. पाकोळीला अशी जागा आवडत नाही. मैत्रिणींनो, रोज अर्धा तास वाजवणे हा पियानोला कसर लागू न देण्याचा सगळ्यात सोपा उपाय आहे. त्यात एकही जीव मरत नाही, कारण तो तिथे जन्मालाच येत नाही. ज्या दिवशी नात नसते त्या दिवशी मी स्वतः खालपासून वरपर्यंत ८८ पट्ट्या एकेकदा दाबून घेते. पाच मिनिटांचे काम.

बाकीची काळजी अशी. दोन-तीन महिन्यांतून एकदा खालची फळी काढून, आधी बघून, मग हलक्या हाताने धूळ काढणे. पेडलच्या फटींना आणि पाठीमागे बारीक जाळी. पियानोवर बसून बिस्किट, चिवडा खायला सक्त मनाई, कारण उंदीर वासाने येतो. आलाच तर पिंजरा, आणि दूर नेऊन सोडणे. डांबरगोळ्या मी आत टाकत नाही. कडुनिंबाचा पाला सुटा टाकू नये, त्याचा चुरा पट्ट्यांत अडकतो. उन्हाळ्यात हवा कोरडी म्हणून पियानोच्या तळाशी पाण्याचे भांडे ठेवा असा सल्ला काही जण देतात. साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, तो सल्ला आपल्यासाठी नाही.

आणि तो दिवा. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून पियानोच्या आत लहान बल्ब लावून ठेवायची मुंबई-पुण्याकडे जुनी पद्धत आहे. ऊब मिळते हे खरे. पण चातुर्मासात, ज्या दिवसांत आपण दिवेलागणीनंतर खाणे-पिणे आवरतो, त्याच दिवसांत एक बल्ब रात्रभर लाकडी पेटीत जळत ठेवायचा आणि त्यावर किडे गोळा करायचे, हे मला पटत नाही. शिवाय बल्ब लाकडाच्या किंवा फेल्टच्या जवळ असेल तर आगीची भीती. उजेड न देणारा, कमी वॅटचा हीटर रॉड मिळतो, ओलावा वाढला की आपोआप चालू होणाराही मिळतो. ट्यूनरकडून बसवून घ्यावा. नाहीतर सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून त्या वेळोवेळी वाळवाव्यात.

हत्तीदंत, चामडे आणि सरस

हा प्रश्न मला सामायिकानंतर एका भगिनीने विचारला होता आणि तो रास्त आहे. जुन्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हत्तीदंताचे पातळ तुकडे असत. ओळखायची खूण अशी की, बहुतेक वेळा एका पट्टीवर दोन तुकडे जोडलेले दिसतात, मध्ये बारीक आडवी रेघ असते आणि दंतात फिकट शिरा असतात. प्लास्टिकचा तुकडा अखंड असतो. जोडकामात जनावरांपासून केलेला सरस असे, काही भागांत चामडे. हातोड्याही सुरुवातीला चामड्याने मढवत. १८२६ साली पॅरिसच्या जाँ-आंरी पापने त्यावर फेल्ट आणले.

माझे मत असे. वाडवडिलांकडून आलेला पियानो असेल तर पट्ट्या उपटून टाकून तो हत्ती परत येणार नाही. तो वापरावा, जपावा. पण असा पियानो नव्याने विकत घेऊ नये, तुटलेल्या दंताच्या जागी दंत शोधू नये. हत्तीदंताचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, त्यामुळे असा पियानो विकायचा किंवा द्यायचा झाला तर आधी वन खात्याकडे विचारणा करावी. दुरुस्तीत कृत्रिम चामडे, साधा लाकूडकामाचा पांढरा गोंद आणि प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात. ट्यूनरला तसे आधी सांगावे, तो हसत नाही. फेल्ट लोकरीचेच असते, त्याला आज तरी सहज पर्याय नाही. ज्यांना तेवढेही नको त्यांनी डिजिटल पियानो घ्यावा. त्यात तारा नाहीत, हातोड्यांना फेल्ट नाही आणि ट्यूनरही लागत नाही. त्यात कमीपणा काही नाही. उलट, ट्यूनरला बोलावायचे नाही हे ज्यांचे आधीच ठरलेले आहे, त्यांनी डिजिटलच घ्यावा असे मी म्हणेन.

हिशेब

समजा पियानो २ लाखांना घेतला आणि तो २० वर्षे वापरायचा. वर्षाचा घसारा १०,००० रुपये. मूल वर्षातले ३०० दिवस तासभर वाजवत असेल तर तासाला ३३ रुपये पडले. पाहुणे आल्यावर वर्षातून दोनदाच वाजत असेल तर एका वेळेचे ५,००० रुपये झाले. यात ट्यूनिंग धरलेलेच नाही. त्यासाठी मी दरमहा थोडी रक्कम वेगळ्या पाकिटात टाकते. हिशेबाच्या भाषेत याला तरतूद म्हणतात. ट्यूनर आला की पाकिटातून पैसे निघतात, घरखर्चाला हात लागत नाही आणि "या महिन्यात राहू दे" असे कोणी म्हणत नाही.

लहान गावांत ट्यूनर मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. त्याला उपाय एकीचा. एका गावातल्या किंवा सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा, ट्यूनरचा प्रवासखर्च वाटून घ्यावा. आम्ही तिघी-चौघी गेली काही वर्षे असेच करतो. चांगले ट्यूनर आता मोजके उरले आहेत. काम सातत्याने मिळाले तरच त्यांची मुले हा धंदा शिकतील, नाहीतर वीस वर्षांनी पैसे असून ट्यूनर नसेल.

आता सर्वांत महत्त्वाचा खर्च, जो कुठल्याच वहीत येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका घरी दहा वर्षांची मुलगी क्लासमध्ये छान वाजवायची आणि घरी बसली की रडकुंडीला यायची. मधल्या दोन पट्ट्या ओलीने फुगून अडकत होत्या आणि सूर इतके उतरले होते की क्लासमध्ये ऐकलेले गाणे घरी तसे ऐकूच येईना. तिला वाटले, आपल्यालाच जमत नाही. आईला वाटले, मुलगी टाळते. तिने शिकणे सोडले. दोष पोरीचा अजिबात नव्हता. मुलांचा कान ज्या वाद्यावर घडतो ते वाद्य खोटे बोलत असेल, तर मूल स्वतःला खोटे समजते. दोन ट्यूनिंगच्या पैशांत हे टळले असते.

दोन आक्षेप

काही भगिनी म्हणतात, श्राविकेच्या घरी पियानो हवाच कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. परिग्रह परिमाणात नऊ प्रकार मोजतो, त्यांत शेवटचा कुप्य, म्हणजे घरातले सामानसुमान. पियानो त्यात धरायचाच, आणि माझ्या मर्यादेत मी तो धरलेला आहे. पण तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या वस्तूवर नाही, तर आसक्तीवर केली आहे. वस्तू कामाला येते, घरातले तिची सेवा करतात, वेळ आली की देऊन टाकायची तयारी आहे, तर ती साधन आहे. वापर नाही, निगा नाही, तरी "असू दे, एवढ्या पैशांचा घेतलाय" म्हणून सुटत नाही, ती मूर्च्छा. दागिन्यांच्या बाबतीत हे आपल्याला लगेच कळते. पियानोच्या बाबतीतही तेच आहे.

दुसरा आक्षेप, "मुलीची आठवण आहे, कशी देऊ?" मैत्रिणींनो, आठवण म्हणून फोटो असतो. वाळवी लागलेल्या लाकडात आठवण राहत नाही. आमच्याही घरी मुलगी सासरी गेल्यावर, नात शिकायला लागेपर्यंत, हा प्रश्न निघाला होता. यांचे आणि माझे ठरले की, सलग एक वर्ष कोणी वाजवले नाही तर तो जाईल. मग शेजारचा एक मुलगा संध्याकाळी येऊन सराव करू लागला आणि पियानो राहिला. तो आला नसता तर मी दिला असता, आणि सून आणि मुलगा याला साक्षी आहेत.

द्यायचा झाला तर संगीताचा क्लास, शाळा किंवा शिकणारे मूल असलेले घर शोधा. पण नुसता पियानो ढकलून देऊ नका. टेम्पोचे भाडे, माहीतगार हमाल आणि पहिल्या ट्यूनिंगचे पैसे सोबत द्या. जमले तर दोन वर्षांचे. आपले देणे दुसऱ्याच्या खात्यात टाकणे म्हणजे दान नव्हे.

पर्युषणाच्या आधी आपण घर आवरतो, कपाटे उघडतो, वर्षभरात न लागलेल्या साड्या-भांडी बाजूला काढतो. यंदा पियानोचे झाकणही उघडा. एकेक पट्टी दाबून बघा. अडकतात का, आवाज फुटका येतो का, खालून फेल्टचा भुसा पडतो का. मग घरातल्यांना बसवून ठरवा, वाजवणार की देणार. वाजवणार असाल तर वहीत ट्यूनरची तारीख आणि देणार असाल तर कोणाला, तेही त्याच दिवशी लिहा. ‘बघू नंतर’ असे लिहायला माझ्या वहीत रकाना नाही, तुम्हीही ठेवू नका.

बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम.

जय जिनेंद्र.